भिलाईचा नत्था आणि रात्रभर उभी राहणारी गंमत

‘पीपली लाइव्ह’ पाहून अनेकांना वाटलं, की हा नत्था दिग्दर्शकाला कुठल्यातरी शेताच्या बांधावर सापडला असावा. प्रत्यक्षात ओंकारदास मानिकपुरी यांच्यामागे छत्तीसगडच्या ‘नाचा’ची अख्खी शाळा उभी होती. रात्र रात्र उभं राहून लोकांना हसवणाऱ्या या शाळेशी आपल्या मराठी मातीचंही जुनं नातं आहे. मंचावरून पडद्यावर आलेल्या या नटाची आणि त्याच्या शाळेची ही ओळख...

आठवतो का तो नत्था? लहानखुरी अंगकाठी, वाढलेली दाढी, अंगात मळका सदरा आणि डोळ्यांत कायमचा प्रश्न. दारात टीव्हीवाल्यांच्या गाड्या उभ्या राहिल्यात, बायको शिव्या घालतेय, खाटेवरची म्हातारी आई तोंडाचा पट्टा थांबवत नाही, पुढारी येऊन जाताहेत. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचंय, की नत्था मरणार कधी? आणि नत्था? तो नुसता बघत बसलाय!

13 ऑगस्ट 2010 रोजी ‘पीपली लाइव्ह’ देशभर झळकला. निर्माता आमिर खान, पण पडद्यावर तो कुठेच नव्हता. दिग्दर्शिका अनुषा रिझवी एके काळची टीव्ही पत्रकार, आणि तिचा हा पहिलाच चित्रपट. पोस्टरवरचा चेहराही कुणाच्या ओळखीचा नव्हता. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी मात्र एकच नाव होतं, नत्था! चाळिशीच्या आसपासचा हा नट एका शुक्रवारी देशाला ठाऊक झाला. मग वर्तमानपत्रांतून त्याच्या गरिबीच्या, साधेपणाच्या, नशिबाच्या गोष्टी छापून आल्या. नशीब फळफळलं, असं सगळ्यांनी म्हटलं. पण नशिबाच्या या गोष्टीत एक मोठी बाब मागे पडली. या माणसाला अभिनय येत होता, आणि तो त्यानं कुठंतरी शिकलेला होता, हे फारसं कुणी सांगितलंच नाही.

कुठं शिकला? ते समजून घ्यायचं, तर भिलाईच्या आसपासच्या गावांत जायला हवं.

कारखान्याचं गाव, नाचाचा मुलूख

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी धरली, की गोंदियानंतर महाराष्ट्र संपतो. डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत गाडी भिलाईला पोहोचते. भिलाई म्हटलं, की आपल्याला आठवतो तो सोव्हिएत मदतीनं उभा राहिलेला पोलाद कारखाना. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथं नोकरीला आली. त्यांत मराठी कुटुंबंही होती.

पण कारखान्याची चिमणी मागे टाकून दक्षिणेकडे निघालं, की थोड्याच अंतरावर उतई लागते. आज उतईला नगर पंचायत आहे, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून पुढे पाटण, गुंडरदेही, बालोद अशी गावं, आणि सगळीकडे भाताची शेती. एका बाजूला वितळलेलं पोलाद आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, असा हा मुलूख.

याच मुलुखानं देशाला मोठमोठे लोककलावंत दिले. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या. भिलाईच्या पोलाद कारखान्यानं त्यांना नोकरी दिली आणि 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ‘चंदैनी गोंदा’ हा छत्तीसगडी लोककलेचा गाजलेला रंगमंचीय कार्यक्रम 1971 साली उभा करणारे दाऊ रामचंद्र देशमुख दुर्गजवळच्या बघेऱ्याचे. ओंकारदास मानिकपुरी हे भिलाईचे. पंडवानीला देवाधर्माचा मान होता. ओंकारदास ज्या नाचातून आले, तो मात्र निखळ लोकांचा खेळ. त्यात भक्ती कमी आणि टवाळी जास्त!

जोक्कड म्हणजे कोण?

शहरातल्या वाचकांना स्टँड-अप कॉमेडी ठाऊक आहे. एक माणूस, एक माइक आणि समोर प्रेक्षक. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगारांना हसवता हसवता ‘जॉनी लिव्हर’ हे नाव मिळवणारा जॉनी याच वाटेनं सिनेमात गेला. कानपूरचा राजू श्रीवास्तव 2005 सालच्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मधून घराघरांत पोहोचला. छत्तीसगडच्या खेड्यांत मात्र माइक येण्याच्या कितीतरी आधीपासून उभं राहून हसवणारा एक माणूस होता. त्याचं नाव जोक्कड.

जोक्कड हा नाचाचा राजा. रात्री जेवणं आटोपली, की गावाच्या मोकळ्या जागेत नाचा सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. पूर्वी मंच नव्हता, पडदा नव्हता. मशालींचा उजेड असे आणि चिकारा, तबला, मंजिरी ही वाद्यं वाजवणारे ती अंगाला बांधून उभेच असत. म्हणून या प्रकाराला ‘खडे साज’ असंच नाव पडलं. पुरुषच बायकांचे कपडे घालून नाचत, त्यांना ‘परी’ म्हणत. गाणं आणि नाच झाला, की जोक्कडांची जोडी पुढे येई. त्यातला एक बेरकी, दुसरा भोळा. बेरक्यानं भोळ्याला गुंडाळायचं आणि भोळ्यानं आपल्या खुळचट प्रश्नांनी बेरक्याचंच पितळ उघडं पाडायचं. सावकार, पाटील, पोलीस, भोंदू साधू, हुंड्याला हपापलेला बाप... कुणाचीही सुटका नसे. संहिता नावाची चीज नव्हती. गोष्टीचा सांगाडा ठरलेला असे आणि संवाद त्या त्या गावात, त्या त्या रात्री जन्माला येत.

आता गंमत पाहा. नाचातल्या या विनोदी खेळाला तिथं काय म्हणतात? ‘गम्मत’! आपल्या गंमतीचाच हा भाऊ. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 साली छत्तीसगडात शिरल्या. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातून कारभार केला. 1854 साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा करेपर्यंत हा मुलूख नागपूरशी बांधलेला होता. मराठी छावण्यांमधल्या करमणुकीतून गम्मत तिकडे रुजली, असं काही अभ्यासक मानतात. भंडारा-गोंदिया भागात आजही ‘खडी गंमत’ नावाचा लोकनाट्याचा प्रकार आहे. कुणी कुणाकडून घेतलं याचा वाद अभ्यासकांवर सोडू या. पण नाचातला जोक्कड आणि आपल्या तमाशातला सोंगाड्या समोरासमोर आले, तर एकमेकांना ओळखल्याशिवाय राहणार नाहीत!

सोंगाड्या म्हटल्यावर दादा कोंडके आठवणारच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यानं दादांना घडवलं आणि 1971 सालच्या ‘सोंगाड्या’ चित्रपटातला भोळा नाम्या मराठी माणसाच्या मनात घर करून बसला. निळू फुलेही सेवादलाच्या कलापथकातून, ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या वगातून पुढे आले. रात्री फडावर प्रेक्षकांना हसवणारी माणसं पडद्यावर आली आणि त्यांनी भल्याभल्यांना मागे टाकलं, हे आपण इथं पाहिलेलं आहे. ओंकारदास यांची वाटही तीच. फक्त ते मराठीत जन्मले नाहीत, एवढंच.

मशालीकडून पेट्रोमॅक्सकडे

नाचाला आजचं रूप देणारा माणूस म्हणजे राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ दुलारसिंह मंदराजी. जन्म 1911 चा. घर मालगुजाराचं, जमीनजुमला भरपूर. पण पोराला नाद लागला नाचाचा. 1928 च्या सुमारास त्यांनी रवेलीची नाचा पार्टी उभी केली. ठिकठिकाणचे उत्तम कलावंत शोधून एकत्र आणले. उभ्या वादकांना बसवलं, चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली, मशालीच्या जागी गॅसबत्ती आली. गम्मतीतून अस्पृश्यता, बालविवाह, सावकारी यांच्यावर कोरडे ओढले जाऊ लागले.

या नादापायी दाऊंनी घरची संपत्ती खर्ची घातली. 1984 साली ते गेले, तेव्हा त्यांच्यापाशी राहिला होता तो फक्त लौकिक. आज छत्तीसगड सरकार त्यांच्या नावानं लोककलेसाठी पुरस्कार देतं आणि 2019 साली ‘मंदराजी’ हा छत्तीसगडी चित्रपटही त्यांच्यावर निघाला.

दाऊंच्या काळात नाचात जे विनोदी नट नावारूपाला आले, त्यांत मदन निषाद, ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम ही नावं आजही आदरानं घेतली जातात. शाळेची पायरी जेमतेम चढलेली ही माणसं. पण हजारोंच्या गर्दीला केव्हा हसवायचं आणि केव्हा गप्प करायचं, याचं त्यांचं गणित कधी चुकत नसे. आणि याच नटांवर एका माणसाची नजर पडली.

नागपुरात शिकलेला नाटकवेडा

हबीब तनवीर 1923 साली रायपूरला जन्मले आणि त्यांनी पदवी घेतली ती नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. मग मुंबई, इप्टा, दिल्ली असा प्रवास करून ते नाट्यशिक्षणासाठी 1955 साली लंडनला गेले. परत आल्यावर 1958 साली ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी नाचातले सहा कलावंत दिल्लीला नेले. 1959 साली पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह ‘नया थिएटर’ची स्थापना केली.

सुरुवातीची वर्षं मात्र फसवी ठरली. गावात धमाल उडवणारे नट हबीबसाहेबांच्या मंचावर आले, की लाकडासारखे ताठ होत. कारण? त्यांना हिंदी बोलायला लावलं जात होतं. इथून तिरकं चाला, इथं थांबा, मग वाक्य म्हणा, अशा विलायती पद्धतीच्या सूचना त्यांना दिल्या जात होत्या. चूक नटांची नाही, आपली आहे, हे तनवीरांच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी स्वतःच तसं मोकळेपणानं लिहून-बोलून ठेवलं आहे. मग त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगडी बोली परत दिली आणि हवं तिथं उभं राहू दिलं, हवं तसं सुचू दिलं. 1973 साली रायपुरात नाचाची मोठी कार्यशाळा झाली आणि 1975 साली आलं ‘चरणदास चोर’. खोटं न बोलण्याची शपथ घेतलेला चोर शेवटी खरेपणापायी जीव गमावतो, अशी ही गोष्ट. 1982 साली एडिंबरा महोत्सवात या नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. दुर्ग-राजनांदगावच्या खेड्यांतले नट, त्यांची बोली परक्यांना अवाक्षर कळत नव्हती, आणि तरी नाटक पोहोचलं!

त्याच साली, 1975 मध्ये, श्याम बेनेगल यांनी ‘चरणदास चोर’वर मुलांसाठी चित्रपट केला. राजकन्येच्या भूमिकेत होती आपली स्मिता पाटील. तिच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. आणि चोर होते लालूराम. नाचाचा विनोदी नट नायक म्हणून पडद्यावर आला तो असा, नत्थाच्या तब्बल 35 वर्षं आधी.

ओंकारदास मानिकपुरी हे याच वळणाचे. नाचा आणि लोकनाट्य करत ते नया थिएटरच्या मंचावर पोहोचले. लोकांना हसवण्याचं शिक्षण त्यांना तिथं मिळालं आणि हबीबसाहेबांच्या मंडळींत त्या शिक्षणाला शिस्त मिळाली. म्हणून त्यांना ‘योगायोगानं सापडलेला खेडूत’ म्हणणं हा त्यांच्यावर आणि त्यांच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांवर अन्याय आहे.

आमिरला हवी होती नत्थाची भूमिका

अनुषा रिझवी आणि तिचे सहदिग्दर्शक महमूद फारुकी यांनी ‘पीपली’साठी नट शोधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी नया थिएटरकडे मोर्चा वळवला. चित्रपटात नत्थाच्या आसपास दिसणारे अनेक चेहरे तिथलेच. ओंकारदास यांचा विचार आधी झाला होता तो एका लहान भूमिकेसाठी. नत्था स्वतः करावा, असं आमिर खानच्याही मनात होतं. पण त्यानं ओंकारदास यांची चाचणी पाहिली आणि तो विचार सोडून दिला. ही गोष्ट आमिरनं स्वतःच सांगितलेली आहे. हिंदी सिनेमातला एवढा मोठा नट स्वतः निर्माता असताना बाजूला होतो, म्हणजे त्या चाचणीत काहीतरी असलंच पाहिजे!

काय होतं ते? चित्रपट पुन्हा पाहिला, की ध्यानात येतं. कर्ज थकल्यानं जमीन लिलावात जाणार, म्हणून बुधिया आणि नत्था हे दोघे भाऊ गावच्या पुढाऱ्याकडे जातात. तो चेष्टेनं सुचवतो, की आत्महत्या करा, सरकार 1 लाख रुपये देतं. परतीच्या वाटेवर दोघा भावांत कोणी मरायचं याची चर्चा सुरू होते. आधी दोघंही मोठ्या मनानं तयारी दाखवतात. आणि मग थोरला अलगद माघार घेतो नि धाकटा अडकतो.

हा प्रसंग म्हणजे अस्सल गम्मत आहे! बुधिया बेरकी, नत्था भोळा. जोक्कडांची जोडी! बुधिया झालेले रघुवीर यादव हेही तरुणपणी पारशी नाटक कंपनीत घडलेले. दूरदर्शनवर ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ पाहिलेल्या आपल्या पिढीला त्यांची वेगळी ओळख नको. दोन मंचांवर तयार झालेले दोन नट समोरासमोर आले आणि मरणावरची ही घासाघीस बाजारातल्या भाजीच्या घासाघिशीसारखी रंगली. आपण हसतो. आणि हसता हसता कुठंतरी चरकतो.

पण ओंकारदास यांची खरी कमाल पुढे आहे. फडावरचा विनोदी नट एका मिनिटात प्रेक्षक हातात घेतो. तोंड वाकडं करतो, अडखळतो, पडतो, शब्दावर शब्द फेकतो. ही सगळी हत्यारं पाठीशी असताना नत्थासाठी त्यांनी एकही काढलं नाही! चित्रपट जसजसा पुढे सरकतो, तसा नत्था गप्प होत जातो. बाकीचे सगळे बोलतात. बातमीदार किंचाळतात, मंत्री आश्वासनं देतात, अधिकारी ‘लाल बहादूर’ नावाच्या योजनेतला हातपंप आणून अंगणात टाकून जातात आणि तो बसवायला पैसे मात्र कुणाकडेच नसतात. पहाटे परसाकडेला गेलेला नत्था दिसेनासा होतो, तेव्हा टीव्हीचा बातमीदार त्यानं मागे ठेवलेल्या विष्ठेवरून त्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो! या सगळ्या गोंधळात ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याला कुणी काही विचारतच नाही.

आपण हसतो ते या सगळ्यांना. नत्थाला हसत नाही. हा तोल सांभाळला तो ओंकारदास यांच्या चेहऱ्यानं. त्यांनी एकदा जरी डोळे मिचकावले असते, एकदा जरी ‘बघा, मी कसा विनोदी’ असं दाखवलं असतं, तर चित्रपट कोसळला असता. केव्हा हसवायचं नाही, हे ज्याला हसवता येतं त्यालाच कळतं.

‘पीपली लाइव्ह’ जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. त्या वर्षी ऑस्करसाठी भारतानं तोच पाठवला. मात्र हे सारं पाहायला हबीब तनवीर नव्हते. 8 जून 2009 रोजी भोपाळमध्ये त्यांचं निधन झालं होतं. त्यांची कन्या नगीन तनवीर यांचा आवाज चित्रपटाच्या अखेरीला ऐकू येतो, आणि नया थिएटरचे जुने चाहते त्या गाण्याला गलबलून जातात.

विदर्भाला हसू का आलं नाही?

या चित्रपटावर टाळ्या पडत असतानाच आपल्याकडे, विदर्भात, संतापही उमटला. विदर्भ जनआंदोलन समितीनं चित्रपटावर बंदीची मागणी केली. शेतकरी नुकसानभरपाईच्या पैशासाठी जीव देतात असं हा चित्रपट सुचवतो आणि त्यांच्या दुःखाची थट्टा करतो, असा समितीचा आक्षेप होता.

हा राग समजून घ्यायला हवा. महाराष्ट्रातही आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारी मदत 1 लाखाचीच. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या ज्या घरांत भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, त्या घरात तो आकडा म्हणजे विनोद नव्हे. त्या घरातल्या बाईला थिएटरातलं हसू जखमेवर मीठ चोळणारं वाटलं, तर तिला कोण काय सांगणार?

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. गम्मतीचा जुना दंडक असा, की हसायचं ते वरच्याला, खालच्याला नाही. ‘पीपली’नं तो पाळला आहे. त्याच गावात होरी महातो नावाचा एक कृश शेतकरी आहे. दिवसभर माती खणून विकतो आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. होरी हे नाव प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधलं. त्याच्यावर एकही कॅमेरा वळत नाही, आणि त्या प्रसंगाला थिएटरात कुणी हसतही नाही. शेवटी नत्था मरत नाही. तो पळून जातो आणि दिल्लीजवळ बांधकामावरचा मजूर होतो. सिमेंटच्या धुळीनं माखलेला तो चेहरा पडद्यावर स्थिर होतो आणि अक्षरं उमटतात, की 1991 ते 2001 या दहा वर्षांत 80 लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली.

त्या शेवटच्या दृश्यात ओंकारदास एक शब्द बोलत नाहीत. अंगावर धूळ आणि नजरेत तोच जुना प्रश्न. ज्यांना या चित्रपटाचा राग आला, त्यांनाही त्या नजरेत थट्टा सापडणार नाही.

नत्था झाल्यानंतर

पडद्यावर एक भूमिका गाजली, की ती नटाला चिकटते. नाम्या दादांना चिकटला, पाटील निळूभाऊंना चिकटला. ओंकारदास यांना नत्था असा चिकटला, की वर्तमानपत्रांनी पुढे त्यांच्या नावाच्या जागी नत्थाच लिहायला सुरुवात केली. नाचाच्या मंचावरचा नट एकाच रात्रीत सावकारही होतो, साधूही होतो, सासूही होते. सिनेमाला मात्र त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा तोच दीनवाणा गरीब हवा होता. पडद्यानं प्रसिद्धी भरभरून दिली, पण मंचावरची मोकळीक दिली नाही.

त्यांना नायक म्हणून पुन्हा हाक मारली ती त्यांच्या घरच्या सिनेमानं. छत्तीसगडी चित्रपटाची सुरुवात 1965 साली मनु नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’नं झाली. 2000 साली नवं राज्य अस्तित्वात येत असतानाच ‘मोर छंइहा भुंइया’ तुफान चालला आणि या धंद्याला बळ आलं. मनोज वर्मा दिग्दर्शित ‘भूलन द मेझ’ला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट छत्तीसगडी चित्रपटाचा मान मिळाला. 2021 साली ही घोषणा झाली. संजीव बख्शी यांच्या ‘भूलन कांदा’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. जंगलात भूलन कांद्यावर पाय पडला, की माणूस वाट विसरतो आणि दुसऱ्या माणसानं स्पर्श केला तरच भानावर येतो, अशी तिकडची समजूत आहे. चित्रपटात वाट चुकलेली आहे ती न्यायव्यवस्था. कोर्टकचेरीच्या चक्रात सापडलेल्या गावाच्या या गोष्टीत मुख्य भूमिका ओंकारदास यांची. राष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत आपल्या बोलीचं नाव पाहताना नाचाच्या मुलुखाला किती आनंद झाला असेल, याची कल्पना मराठी माणसाला सहज येईल.

मात्र या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. नया थिएटरचे ज्येष्ठ नट, ‘चरणदास चोर’मधला चोर रंगवणारे गोविंदराम निर्मलकर यांना 2009 साली पद्मश्री मिळाली. देशविदेशांत टाळ्या घेतलेल्या या कलावंताची अखेरची वर्षं मात्र आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. 2014 साली ते गेले. दाऊ मंदराजींचंही तेच झालं होतं. आपल्याकडच्या तमाशा कलावंतांच्या वृद्धापकाळाच्या कहाण्या याहून वेगळ्या कुठं आहेत? मंचावर हसवणाऱ्याचं म्हातारपण कुणी विचारत नाही, हे दुखणं दोन्ही राज्यांत सारखंच आहे. पदक देताना निवृत्तिवेतनाचा, औषधपाण्याचा विचार झाला, तर त्या पदकाला वजन येईल.

नत्थाच्या यशानं नाचाचं सगळं भलं झालं, असं म्हणता येणार नाही. रात्रभर बसून गम्मत पाहणारा प्रेक्षक टीव्हीनं आणि नंतर मोबाइलनं बराचसा पळवला. तरीही कापणी आटोपून धान घरात आलं, की दुर्ग, राजनांदगाव, बालोदच्या गावांत मडई भरते आणि मडईच्या रात्री नाचा उभा राहतो. गॅसबत्तीच्या जागी विजेचे दिवे आले, ध्वनिवर्धक आले, गाण्यांच्या चाली बदलल्या. जोडी मात्र तीच आहे, एक बेरकी आणि एक भोळा.

त्यातल्या भोळ्याकडे जरा नीट पाहावं. सगळ्यांची टोलेबाजी झेलत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो उभा असतो आणि मग असा एखादा साधा प्रश्न विचारतो, की समोर बसलेला सरपंचही हसता हसता खाली मान घालतो. भिलाईच्या ओंकारदास मानिकपुरी यांनी हाच भोळा पडद्यावर नेला. त्याला फक्त प्रश्न तोंडानं विचारू दिला नाही, डोळ्यांनी विचारायला लावला. त्याचं उत्तर ना पीपलीतल्या पुढाऱ्यांकडे होतं, ना थिएटरात बसलेल्या आपल्याकडे.